अंतर, स्थान आणि अस्तित्व : भूगोलविचाराच्या तात्त्विक अधिष्ठानासंबंधी

सोलापूर कोठे आहे, या प्रश्नास भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात निश्चित उत्तर मिळते. १७ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७५ अंश ५४ मिनिटे पूर्व रेखांश यांच्या आसपास, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून थोड्या अधिक उंचीवर, सीना नदीच्या खोऱ्यातील पठारी प्रदेशात हे नगर वसलेले आहे. मकर संक्रांतीच्या सुमारास तेथे जी गड्डा यात्रा भरते, तीतही याच प्रश्नाचे एक उत्तर दडलेले असते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तत्कालीन सोन्नलगी गावाच्या परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि पहिल्या दिवशी त्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. नंदीध्वजांचा जड भार पेलीत मानकरी व भक्त ज्या वाटेने फिरतात, त्या वाटेने वेढलेले ते सोलापूर. या दुसऱ्या उत्तरात अंश-मिनिटे नाहीत. पण ते कमी निश्चित आहे असे म्हणता येणार नाही. मिरवणूक कोणत्या गल्लीतून वळते हे तेथील लहान मूलही सांगू शकते.

ही दोन उत्तरे परस्परविरोधी नाहीत. पहिले उत्तर खरे मानूनही दुसरे खरे मानता येते. प्रश्न निराळा आहे, आणि तो तत्त्वज्ञानाचा आहे : या दोहोंपैकी मूळ कोणते व साधित कोणते? मोजता येणारा अवकाश आधी असतो आणि त्यावर मनुष्य आपल्या भावनांचा व श्रद्धांचा लेप चढवितो, की मनुष्याचे कोठेतरी असणे हेच आधीचे असून मोजमापाचा अवकाश त्यातून काही गोष्टी वगळून सिद्ध केला जातो? भूगोलाच्या विद्यार्थ्यास हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. नकाशा हाती येतो तेव्हा त्याचे उत्तर आधीच देऊन झालेले असते.

अस्तित्ववादी विचाराने या प्रश्नास दुसऱ्या बाजूने उत्तर दिले. मराठी वाचकास अस्तित्ववाद परिचित झाला तो मुख्यतः ललित साहित्याच्या द्वारे. सार्त्र आणि काम्यू यांची नावे १९६० नंतरच्या समीक्षेत वारंवार येऊ लागली, आणि भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’ची चर्चाही पुष्कळदा त्याच अंगाने झाली. त्यामुळे अस्तित्ववाद म्हणजे एकट्या व्यक्तीच्या वैफल्याचे तत्त्वज्ञान, असा एक समज रूढ झाला. तो अपुरा आहे. ‘कोसला’च्या नायकाचे आडनाव सांगवीकर आहे ही गोष्ट या संदर्भात दुर्लक्षण्याजोगी नव्हे. मराठीत मनुष्य स्वतःचे नाव सांगतो तेव्हा पुष्कळदा गावाचे नाव सांगत असतो. आणि ‘तुम्ही कोठले?’ हा अनोळखी माणसास विचारावयाचा आपल्याकडील पहिला प्रश्न ‘तुम्ही कोण?’ या अर्थानेच विचारला जातो.

प्रथम ज्या विचारास अस्तित्ववादाने आव्हान दिले त्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. न्यूटनच्या मते अवकाश ही सर्व वस्तूंच्या आधी असलेली, सर्वत्र एकसारखी व अचल अशी सत्ता होती. वस्तू तीत ठेवलेल्या असतात. लायब्निझने हे नाकारून अवकाश म्हणजे वस्तूंमधील संबंधांची व्यवस्था होय असे प्रतिपादन केले. कांटने अवकाशाला बाह्य संवेदनेचा आकार ठरविले, म्हणजे तो वस्तूंत न मानता जाणणाऱ्याच्या ठायी मानला. कांटचे भूगोलाशी असलेले नाते पुष्कळांना ठाऊक नसते. १७५६ पासून सुमारे चाळीस वर्षे त्याने कोनिग्सबर्ग येथे प्राकृतिक भूगोलावर व्याख्याने दिली, आणि तीही त्या नगराच्या परिसराबाहेर फारसे न जाता. काळातील घटनांची मांडणी इतिहासाने करावी व अवकाशातील घटनांची भूगोलाने, ही त्याची विभागणी पुढे रिचर्ड हार्टशोर्न यांनी १९३९ साली भूगोलाच्या स्वरूपावरील आपल्या ग्रंथात आधारासाठी घेतली.

हार्टशोर्न यांच्या या भूमिकेवर फ्रेड शेफर यांनी १९५३ मध्ये कठोर टीका केली. प्रत्येक प्रदेश अनन्य मानून त्याचे वर्णन करीत बसल्यास भूगोल कधीही नियम सांगणारे शास्त्र होणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्या वादातून संख्याशास्त्रीय भूगोलाची लाट उसळली. वॉल्टर क्रिस्टालर यांचा १९३३ सालचा मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत त्या लाटेत नव्याने पुढे आला. सर्व दिशांना सारखे, अडथळ्याविना पसरलेले एक मैदान कल्पावयाचे, त्यावर लोकसंख्या व क्रयशक्ती समान वाटलेली मानावयाची, आणि मग बाजारपेठांची गावे षट्कोनी जाळ्यात कशी बसतात हे दाखवावयाचे, अशी त्याची रचना आहे. प्रदेशवादी आणि नियमवादी हे दोन पक्ष एकमेकांशी भांडत होते खरे. परंतु अवकाश ही आधीच मांडून ठेवलेली बैठक असून मनुष्य व त्याची गावे तीवर नंतर येतात, याविषयी त्यांच्यात मतभेद नव्हता.

ही बैठक केवळ ग्रंथांतच मांडली गेली असे नाही. भीमेच्या काठी ती प्रत्यक्ष जमिनीवर मांडली गेली, आणि त्याचा काळही नेमका सांगता येतो. प्रिंगल यांची पहिली पाहणी फसल्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात जी नवी पाहणी केली, तीतून मुंबई इलाख्याची जमीनमोजणीची पद्धत आकारास आली. तेहतीस फुटांची साखळी व तिचे सोळा आणे; साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा; असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. मातीचा पोत व खोली पाहून तिची सोळा आण्यांपासून उतरत्या क्रमाने नऊ प्रतींत वर्गवारी करावयाची आणि दोष आढळल्यास एकेक प्रत खाली आणावयाची. प्रत्येक शेतास क्रमांक मिळाला. आजही शेतकरी ‘आमचा नंबर’ असे म्हणतो तेव्हा त्या साखळीचा आवाज त्या शब्दात राहिलेला असतो.

त्यापूर्वी शेतांना नावे होती. मराठेशाहीच्या दप्तरांतील थळझाड्यांत गावची जमीन थळांनी नोंदलेली आढळते, आणि थळाचे नाव कधी घराण्यावरून, कधी झाडावरून, कधी ओढ्यावरून पडलेले असे. यापेक्षाही अधिक विचार करण्याजोगी जोडी म्हणजे काळी आणि पांढरी. शेतीची जमीन ती काळी, वस्तीची ती पांढरी. वरवर पाहता हा मातीच्या रंगावरून केलेला भेद आहे. परंतु ‘पांढर’ या शब्दाने गावठाणाचा बोध होतो तसाच गावात राहणाऱ्या समुदायाचाही होतो. भूमी व तीवर राहणारे यांना एकच शब्द लावला जातो, आणि बोलणाऱ्यास त्यात काही संदिग्ध वाटत नाही. विंगेटच्या नऊ प्रतींत काळी बरोबर बसली. पांढरी बसण्यासाठी मात्र तिच्यातील माणसे आधी वेगळी काढणे भाग होते. महसुलाच्या दृष्टीने ही पाहणी पूर्वीपेक्षा पुष्कळ न्याय्य होती हेही सांगितले पाहिजे. प्रिंगलच्या दरांनी गावे ओस पडली होती. नव्या पाहणीने दर उतरवून ते तीस वर्षांसाठी कायम केले, आणि कुणब्यास उद्याची शाश्वती मिळाली. अमूर्त अवकाश हा नेहमी जुलूमच असतो असे मानणे चूक ठरेल.

मार्टिन हायडेग्गर यांच्या १९२७ मधील ‘सत्ता आणि काल’ या ग्रंथात या सर्व मांडणीच्या मुळावर घाव घातलेला आहे. मनुष्य जगात असतो तो पेटीत वस्तू असते तसा नव्हे. त्याचे असणे म्हणजेच जगात असणे. आणि जग म्हणजे त्याला ज्यांच्याशी कर्तव्य असते अशा गोष्टींची परस्परांत गुंतलेली व्यवस्था. हातोडा, दार, वाट, विहीर यांना प्रथम उपयोग व ठिकाण असते, नंतर परिमाण. नाकावरचा चष्मा मोजमापाने सर्वांत जवळ, परंतु त्यातून पाहणाऱ्यास समोरच्या भिंतीवरील चित्राहून तो दूर असतो, हा हायडेग्गर यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. जवळ आणि दूर हे मूळचे अनुभवाचे भेद आहेत. साखळी लावली म्हणजे त्या भेदांतून एक अंश शिल्लक राहतो, आणि तोच मोजता येतो. अवकाश खोटा आहे असे येथे म्हणावयाचे नाही. तो साधित आहे इतकेच म्हणावयाचे आहे. कांटनेदेखील १७६८ सालच्या एका निबंधात याच्या अगदी जवळची गोष्ट नोंदविली होती : नकाशा कितीही अचूक असला तरी, तो हाती धरणाऱ्यास आपला डावा हात कोणता व उजवा कोणता याची जाण नसेल, तर दिशा सापडत नाही. ही जाण नकाशावर लिहिता येत नाही.

१९५१ मध्ये डार्मस्टाट येथे दिलेल्या व्याख्यानात हायडेग्गर यांनी बांधणे व राहणे यांचा संबंध जर्मन शब्दांच्या व्युत्पत्तीतून उलगडला. व्युत्पत्ती हा काही पुरावा नव्हे, आणि हायडेग्गर यांच्या कित्येक व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांनी संशयास्पद ठरविल्या आहेत. तरी मराठीपुरते एवढे म्हणता येते की आपला ‘राहणे’ हा धातू वस्ती करणे, टिकून असणे व करीत जाणे या तिन्ही अर्थांनी चालतो. ‘अंतर’ हा शब्द तर या विषयाच्या गाभ्यालाच हात घालतो. दोन गावांमधील अंतर मैलांत सांगतात. ‘अंतरी’ म्हणजे हृदयात. आणि ‘अंतर देणे’ म्हणजे दुरावणे, सोडून देणे. दुरावा आणि आतलेपण एकाच शब्दात सांगणाऱ्या भाषेला, अंतर हे प्रथम नात्याचे माप आहे, हे मुद्दाम शिकवावे लागू नये.

नियमवादी भूगोलात अंतर ही किंमत असते. दोन नगरांमधील ये-जा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते व अंतराच्या प्रमाणात घटते, असे गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवरील प्रतिमान सांगते, आणि बाजार, नोकरी, शाळा यांच्याबाबतीत ते बरेच खरे ठरते. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे अडीचशे किलोमीटरांचा मार्ग मोटारीने काही तासांत संपतो. आषाढी वारीत तोच मार्ग तीन आठवड्यांच्या आसपास चालतो. यातील अंतर टाळावयाची किंमत नाही. ते चालणे हेच वारीचे द्रव्य आहे. प्रतिमानाचा कैवारी म्हणेल की वारकऱ्यास मिळणारे समाधान हिशेबात धरले म्हणजे झाले. पण तसे केल्यास अंतर समीकरणाच्या दोन्ही बाजूंस येते, एकदा खर्च म्हणून व एकदा लाभ म्हणून, आणि मग ते ज्याने मोजावयाचे ते मापच हातचे जाते. वाखरीचा मुक्काम व पंढरपूर यांतील शेवटचे काही किलोमीटर हे आळंदीतून बाहेर पडतानाच्या तितक्याच किलोमीटरांशी समान आहेत, असे वारकऱ्यास पटवून देणे अशक्य आहे. कारण ते समान नाहीतच. इरावती कर्वे यांनी या वाटेवर चालून जो निबंध लिहिला, त्यात महाराष्ट्राची व्याख्याच पंढरीच्या वारीच्या आधारे सुचविली. सीमा आखून प्रदेश ठरविण्याऐवजी वाटा जेथे एकत्र येतात त्यावरून तो ठरविण्याचा तो प्रयत्न होता. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी २००३ मधील आपल्या ग्रंथात महाराष्ट्रातील नद्या, यात्रा व देवस्थाने यांच्या आधारे हीच दिशा पुष्कळ तपशिलाने पुढे नेली.

सिद्धरामेश्वरांच्या कथेत आणखी एक अडचणीचे प्रकरण आहे. बालवयात मल्लिकार्जुनाचा ध्यास घेऊन ते श्रीशैलास गेले, तेथून देवाच्या आज्ञेने परतले आणि सोन्नलगीस त्यांनी ते क्षेत्र नव्याने उभे केले, अशी परंपरा सांगते. पंढरपूरला दक्षिण काशी म्हणतात तोही प्रकार याच जातीचा. न्यूटनच्या अवकाशात एक बिंदू दोन ठिकाणी असू शकत नाही. श्रद्धेच्या भूगोलात श्रीशैल दोन ठिकाणी असते, आणि त्यामुळे मूळ श्रीशैल उणे होत नाही. ‘ही केवळ उपमा आहे’ असे म्हणून सुटका करून घेता येते. परंतु ज्या उपमेवर तलाव खोदला जातो, देवळे उभी राहतात व नगराचा वार्षिक क्रम चालतो, तिला केवळ उपमा म्हणणे भूगोलज्ञास परवडणारे नाही.

येथवरचे विवेचन ऐकून स्थानाचे एक गोजिरवाणे चित्र उभे राहण्याचा संभव आहे, आणि अस्तित्ववादी भूगोलाच्या नावाखाली जे लेखन झाले त्यातील बरेचसे या मोहात सापडले आहे. त्यावर उतारा अस्तित्ववादातच आहे. मार्टिन बूबर यांनी १९५० च्या सुमारास मांडले की मनुष्याच्या ठायी दोन हालचाली असतात : जगाला स्वतःपासून दूर ठेवणे आणि मग त्याच्याशी नाते जोडणे. दूर ठेवल्यावाचून नाते संभवत नाही. मार्विन सॅम्युएल्स यांनी १९७८ साली अस्तित्ववाद व मानवी भूगोल यांवरील निबंधात हा विचार भूगोलात आणला आणि अवकाशाचा उगमच या दूर ठेवण्यात व जवळ येण्यात शोधला. यात एक भेद करणे अवश्य आहे. मनुष्य स्वतः घेतो ते अंतर एक. दुसऱ्याने त्याच्यावर लादले ते निराळे.

या भेदाचे उदाहरण पंढरपुरात देवळाच्या महाद्वारीच आहे. चोखामेळा मंगळवेढ्याचे. मंगळवेढे ते पंढरपूर हे अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, आणि ते त्यांनी किती वेळा कापले असेल याची गणती नाही. पायरीपासून गाभाऱ्यापर्यंतची काही पावले मात्र त्यांना आयुष्यात चालता आली नाहीत. परंपरेनुसार शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून त्यांचा मृत्यू झाला. ज्या कुसाच्या आत त्यांस जागा नव्हती तेच ते कूस. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी बांधविली. ते अंतर कोणत्याही साखळीने मोजले तर नगण्य भरेल. आणि ते मिटण्यास मे १९४७ मधील साने गुरुजींचे उपोषण व त्यामागील दीर्घ चळवळ लागली. वारीतही हे अंतर चालतच होते. दिंड्या एकत्र भजन करतात आणि जेवावयास जातवार वेगळ्या बसतात, याची खंत कर्वे यांनी आपल्या निबंधात नोंदविली आहे.

डॉ. आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भारतीय खेड्याच्या गौरवीकरणावर जी टीका केली, तिचा तात्त्विक अर्थ या ठिकाणी स्पष्ट होतो. ‘पांढर’ या शब्दात भूमी व समुदाय एक होतात हे खरे. पण महारवाडा पांढरीच्या बाहेर होता. ज्याला स्थान म्हणावयाचे ते कोणाला तरी बाहेर ठेवूनच स्थान झालेले असते. हायडेग्गर हे स्वतः १९३३ मध्ये नाझी पक्षाचे सभासद होते, आणि मातीशी एकरूप समाजाची भाषा त्या काळात कोणाच्या कामी आली हे सर्वश्रुत आहे. मात्र याचा अर्थ एकसारखे मैदान कल्पिणारा भूगोल निर्दोष ठरतो असाही नव्हे. क्रिस्टालर १९४० मध्ये त्याच पक्षात दाखल झाले व पोलंडच्या व्याप्त प्रदेशात वसाहतींची आखणी कशी करावी या कामी त्यांनी आपला सिद्धांत वापरला. रिकामे मैदान कागदावर कल्पिता येते. जमिनीवर ते माणसांना हलवून तयार करावे लागते.

भूगोलाच्या इतिहासातील पुढील टप्पे थोडक्यात सांगून पुरे. फ्रान्समधील एरिक दार्देल यांनी १९५२ मध्ये ‘मनुष्य आणि पृथ्वी’ हे लहानसे पुस्तक लिहून, भूगोल हे शास्त्र होण्यापूर्वी मनुष्याचे पृथ्वीशी असलेले नाते असते, अशी भूमिका घेतली. पण ते जवळजवळ वीस वर्षे दुर्लक्षित राहिले. १९७० नंतर यी-फू तुआन, अ‍ॅन बटिमर व एडवर्ड रेल्फ यांनी इंग्रजीत हा विचार रुजविला. रेल्फ यांचा १९७६ सालचा ग्रंथ स्थान व स्थानहीनता यांवर आहे, तुआन यांचा १९७७ सालचा अवकाश व स्थान यांवर. त्यानंतर १९८५ मध्ये जॉन पिकल्स यांनी एक महत्त्वाचा आक्षेप घेतला. या भूगोलज्ञांनी फिनॉमिनॉलॉजीचा अर्थ ‘लोकांना काय वाटते याचे वर्णन’ असा केला; मूळचा प्रश्न, म्हणजे शास्त्राने ज्याला वस्तू म्हणून समोर मांडले ती वस्तू कशी घडविली गेली हा प्रश्न, त्यांच्या हातून निसटला. हा आक्षेप रास्त आहे. ‘वस्तुनिष्ठ’ अवकाश शेफर यांच्या वारसांकडे सोपवून ‘व्यक्तिनिष्ठ’ भावना आपल्याकडे ठेवण्यात विजय कसला? त्या वाटणीने जुनी बैठक जशीच्या तशी राहते.

या वादाचा प्रत्यक्ष व्यवहाराशी किती निकटचा संबंध आहे हे उजनीच्या उदाहरणावरून दिसून येते. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जलाशयाची क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. सोलापूरच्या उसाचे व पिण्याच्या पाण्याचे गणित आज त्याच्यावर अवलंबून आहे, आणि अवर्षणाने पिढ्यान्‌पिढ्या गांजलेल्या जिल्ह्यात त्या पाण्याचे मोल कोणी कमी लेखणार नाही. त्या पाण्याखाली करमाळा, माढा, इंदापूर आदी तालुक्यांतील गावे गेली. ज्या इंदापुरात साखळीने प्रथम शेते मोजली, तेथीलच काही शेते ती. पळसदेव हे गाव नव्या जागी वसले, जुने नाव घेऊन. पाणी फार उतरते त्या उन्हाळ्यात जुन्या पळसदेवचे मंदिर वर येते आणि लोक ते पाहावयास जातात. नकाशावर पळसदेव एकच आहे. ज्यांनी दोन्ही गावांत दिवस काढले त्यांच्यापुरते ते दोन आहेत, आणि श्रीशैलाप्रमाणे दुसऱ्याने पहिल्याची जागा घेतली असेही म्हणता येत नाही. कारण श्रीशैल सोन्नलगीस आले ते कोणाच्या तरी ध्यासाने, पळसदेव हलले ते अधिसूचनेने.

भूसंपादनाच्या कायद्यात या भेदाची एक चमत्कारिक कबुली आहे, आणि तिच्याकडे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. १८९४ च्या अधिनियमाने जमिनीचा बाजारभाव देण्याची तरतूद केली व त्यावर, संपादन सक्तीचे असते म्हणून, शेकडा पंधरा इतकी जादा रक्कम देण्यास सांगितले. तिला दिलासा रक्कम म्हणतात. १९८४ मध्ये ती शेकडा तीस झाली, आणि २०१३ च्या कायद्याने शेकडा शंभर. बाजारभाव हे जर जमिनीचे पूर्ण मूल्य असेल तर दिलाशाची गरजच काय? कायदा येथे मुकाट्याने मान्य करतो की विंगेटच्या साखळीतून काहीतरी सुटलेले आहे. शेकडा पंधरावरून शंभरापर्यंतची वाढ म्हणजे त्या सुटलेल्या गोष्टीविषयी वाढत गेलेली अस्वस्थता होय. मात्र दिलाशाची मोजणी बाजारभावाच्याच पटीत होते. मुरमाड माळाच्या मालकास थोडा दिलासा, बागायतदारास अधिक. जे अवकाशात बसत नाही म्हणून वेगळे काढले, त्यालाही अवकाशाचेच माप लावले. आणि ज्याच्या नावे सातबाराचा उताराच नाही, त्यास जमिनीवरील दिलासा मिळत नाही. गावकुसाबाहेरचा भूमिहीन मजूर, बलुत्यावर जगणारा, दुसऱ्याच्या बांधावर शेळ्या चारणारी विधवा यांची पांढरी बुडते, पण ती त्यांची होती असे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसते. त्यांच्यापैकी काहींना पुनर्वसनाच्या इतर तरतुदींतून मदत मिळू शकते. १९७६ च्या महाराष्ट्र अधिनियमानंतर व विशेषतः २०१३ नंतर त्या तरतुदी विस्तारल्या आहेत. तथापि दिलासा मालकीच्या मागोमागच जातो.

या प्रश्नाचा अभ्यास सोलापूर परिसरातील भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हाताशी असलेल्या साधनांतून करता येण्याजोगा आहे. पाहणीची दप्तरे, जुने थळझाडे, संपादनाचे निवाडे व नव्या गावठाणांचे आराखडे ही एका बाजूची साधने झाली. दुसऱ्या बाजूस, ज्यांनी जुन्या गावांत शेते कसली ती माणसे आज वृद्ध झाली आहेत, पण त्यांच्या तोंडी शेतांची नावे अद्याप असतील. नव्या जागेतील शेतांना त्यांपैकी कोणती नावे मिळाली, कोणती पाण्याखालीच राहिली आणि कोणती सर्वस्वी नवीन पडली. तसेच जुन्या गावात जे कुसाबाहेर होते त्यांची घरे नव्या आराखड्यात कोठे आली, याची गाववार नोंद प्रथम व्हावयास हवी.